तक्रारदाराचा रिकामा रकाना

आमच्या घरात निनावी अर्जाची धास्ती आहे. वडील निलंग्याला सरकारी कचेरीत कारकून असताना कोणीतरी त्यांच्याविरुद्ध बिनसहीचा अर्ज टाकला आणि त्यांची बदली थेट उमरीला झाली. अर्ज शेजारच्या टेबलावरच्या मित्रानेच लिहिला, असं वडिलांनी ठरवून टाकलं. पुरावा काही नव्हता. तो माणूस आता निवृत्त होऊन मुदखेडला राहतो. वडील त्याच्याशी आजतागायत बोललेले नाहीत. संशय घेणं मी घरातच शिकले.

मी लातुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपत्रकं लिहिते. कोणतं काम कोणाकडे आहे, कुठे अडलंय, याची नोंद ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर. अडलेल्या कामाच्या नोंदीला 'इश्यू' म्हणतात. पूर्वी इश्यू माणसं टाकायची. मग ठरलं, की एआय एजंटनेही, म्हणजे आपणहून कामं करणाऱ्या प्रोग्रॅमनेही, टाकायचे. त्यासाठी एक टूल, म्हणजे एजंटने भरायचा फॉर्मच जणू, तयार झालं आणि ते कसं वापरायचं हे लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. वाचणार होता तो एजंटच. माणसं माहितीपत्रक उघडून बघत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. हा मात्र अक्षर न् अक्षर वाचणार होता; माझ्या संशयी स्वभावाला तो पहिल्या दिवसापासून खटकला.

टूलमध्ये चार रकाने होते: शीर्षक, तपशील, काम कोणाकडे, तक्रार कोणाची. शेवटचा भरलाच पाहिजे असं नव्हतं.

"सर, तक्रार करणाऱ्याचं नाव नको?" मी साहेबांना विचारलं. "हा तर निनावी अर्जच झाला की!"

"अहो मॅडम, मशीन हाय ते. मशीनला कसला आलाय स्वार्थ?"

मी मुकाट्याने लिहिलं, 'हा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल.' खाली भरलेल्या इश्यूचा एक नमुना द्यायचा होता. त्यात 'काम कोणाकडे' या रकान्यात एक कर्मचारी क्रमांक हवा होता. जो आठवला तो टाकला आणि चहाला गेले.

माझ्या शेजारी आपा बसतात. मूळच्या उदगीरच्या, माझ्याहून वयाने मोठ्या. सॉफ्टवेअर तपासण्यात त्यांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नाही. पण नोकरी करारावर, आणि करार महिनाअखेर संपणार होता.

टूल सुरू झालं आणि दोन आठवड्यांत आपांच्या नावावर इश्यूंचा ढीग साचला. प्रत्येकात तेच: 'मुदत उलटली. संबंधित व्यक्तीने काम केलेले नाही.' तक्रारदाराचा रकाना कोरा. साहेबांनी बैठकीत ती यादी सगळ्यांसमोर पडद्यावर लावली.

"आपा, लईच तुंबलंय तुमच्याकडं. करार पुढं न्यायचा तर वर काय सांगू मी?"

"सर, यातलं एक बी काम माझं न्हाई," आपा म्हणाल्या.

मला लगेच वास आला. साहेबांना आपांना काढायचंय, आणि वाईटपणा नको म्हणून ते मशीनच्या आड लपलेत! जेवणाच्या सुट्टीत मी आपांना हळूच म्हणाले, "आपा, कोणीतरी मुद्दाम करतंय हे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग डबा उचलून खिडकीपाशी जाऊन एकट्याच जेवल्या. बिचाऱ्या खचल्यात, असं मला वाटलं.

साहेबांना रंगेहाथ पकडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकेक इश्यू उघडून वाचायला बसले. पाचसहा वाचले असतील, आणि ते वाक्य ओळखीचं वाटायला लागलं. ते माझंच होतं, माझ्या नमुन्यातलं. क्रमांकही त्यातलाच. इतकी वर्षं शेजारी बसून आपांचा क्रमांक मला तोंडपाठ झाला होता, आणि घाईत तोच बोटांवर आला होता. काम कोणाकडे आहे हे एजंटला जिथे कळेना, तिथे त्याने माझा नमुना जसाच्या तसा उचलला होता.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार हाच आला की गुपचूप क्रमांक बदलावा, कोणाला कळणारही नाही. त्या विचाराची मला आजही लाज वाटते. मग मी नवा इश्यू उघडला. तपशिलात लिहिलं, 'माहितीपत्रकातला नमुना चुकीचा. चूक माझी.' तक्रारदाराच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि आपांना बोलावून दाखवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "वाक्य तुझंच हाय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शेजारी बसून तुझी लिहायची ढब मला पाठ हाय. मला वाटलं, तूच माझ्यावर उठलीस."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारून काय उपयोग? हाव, मीच केलं, असं म्हणतंय का कुणी?"

साहेबांनी ते सगळे इश्यू रद्द केले आणि आपांचा करार पुढे गेला. तक्रारदाराचं नावही सक्तीचं झालं. आपा पुन्हा माझ्याबरोबर जेवायला लागल्या, पण पहिले काही दिवस आम्ही दोघी जपूनच बोलत होतो.

चूक कबूल केली त्याच संध्याकाळी घरी येऊन दादांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं.

"म्हंजे ती तुझ्यावर डूख धरून बसली, अन् तू साहेबावर," शेवटी ते म्हणाले. "अन् तसलं काही नव्हतंच."

"नव्हतंच, दादा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी मुदखेडला जायला गाडी कितीला हाय गं?"