साक्षीभाव आणि भिवापुरी तिखट

मला जागृती प्राप्त झाली त्याच आठवड्यात आमच्या धरमपेठेतल्या घरातून पाहुणे रडत रडत बाहेर पडले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, हे मी आजवर कुणाला कळू दिलं नाही. दोष माझ्या मेहुण्यावर, दामोदरवर गेला. आता वय झालंय, म्हणून खरं सांगून टाकतो.

मी दहा दिवसांच्या मौन शिबिराहून परतलो होतो. शिकवण सोपी होती, साक्षीभावाची: जे होतंय ते नुसतं पाहायचं, त्यात गुंतायचं नाही. शिबिरात हे छान जमलं, कारण तिथे काही होतच नव्हतं. (घरी सिलेंडर संपतो.) पण खरी साधना रोजच्या जगण्यात उतरली पाहिजे, असं ठरवून मी बैठकीच्या खोलीत मांडी घालून बसू लागलो. दूध उतू गेलं, मी पाहिलं. त्यानंतर बायको, शोभा, माझ्याकडे कशी बघत होती तेही पाहिलं.

त्या रविवारी आमच्या लेकीचं, कांचनचं लग्न ठरायचं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांचं आधीच जमलेलं. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता, आणि बाई चुका काढायलाच येणार अशी पक्की बातमी होती. कांचनच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता.

मे महिना. नेमका त्याच दिवशी दामोदर भिवापूरहून आमच्यासाठी वर्षाचं तिखट घेऊन आला. गिरणीतून निघालेलं तिखट गरम असतं. बरणीत भरण्याआधी पसरून थंड करावं लागतं. त्याने दारातूनच विचारलं, "भाऊजी, हे कुठी पसरू जी?"

मी ध्यानात होतो. डोळे न उघडता बोट दाखवलं. बोट अंगणातल्या ओट्याकडे गेलं. तिथे कायम सावली असते, कारण वरच्या खिडकीत आमच्या कूलरची पाठ आहे.

पाहुणे आले, बसले. शोभाने आतून सांगितलं की कूलर लावा, पण आधी पंप आणि मग पंखा. मी उठलो, तेव्हा मनात विचार आला की मागे तिखट आहे. शिबिरात शिकवलं होतं, विचार आला तर येऊ द्यावा, जाऊ द्यावा. मी जाऊ दिला. त्याच्याबरोबर पंपही डोक्यातून गेला! पाणी न सुटलेल्या वाळ्याच्या कोरड्या ताट्यांमागे पंखा भणभणू लागला.

आधी मुलाचे वडील शिंकले. मग आई खोकू लागली. खोलीत तांबूस धुकं उतरलं. माझेही डोळे पेटले, पण मी स्वतःला बजावलं, ही केवळ संवेदना आहे, आली तशी जाईल. (गेली नाही. भिवापूरची होती.) पोह्यांचा ट्रे हातात धरून कांचन दारात उभी, गालांवर धारा, नजर माझ्यावर. मी हलायला हवं होतं. मी पाहत होतो. शेवटी मुलगाच उठला, कूलर बंद केला आणि आईला धरून अंगणात घेऊन गेला. मागोमाग सगळे.

नळावर तोंड धुऊन बाई ओट्यासमोर उभी राहिली. "हे इथं ठेवलं कोणी?"

कांचनने ओढणी मुठीत आवळली. उत्तर माझ्यापाशी होतं, पण मी मौनात गेलो. दहा दिवसांत लागलं नव्हतं इतकं खोल मौन!

"मी ठेवलं जी," दामोदर म्हणाला. "चूक माहीच आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग नाक पुसत म्हणाली, "चला, या घरात चूक कबूल करणारा एक तरी माणूस आहे." आणि आत येऊन तिने पोहे मागितले.

लग्न झालं. दामोदर मात्र साऱ्या गोतावळ्यात तिखटवाले मामा झाला. तो दिसला की लोक नाकाला रुमाल लावून हसतात. तोही हसतो.

हे सगळं लिहून काल मी त्याला वाचून दाखवलं. तो शांतपणे सुपारी कातरत होता.

"मले माहीत आहे ना, भाऊजी," तो म्हणाला. "बोट तुमचंच होतं."

"मग इतकी वर्षं बोलला काहून नाही गा?"

"पाहून राहिलो होतो. तुम्ही कधी सांगता ते."

शिबिराला मी गेलो होतो. साक्षीभाव याला आला, भिवापुरात बसून.