लेकीच्या पोटाला जाग आली तेव्हा

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा तिच्या चड्ड्या मला घरात नको तिथे सापडायला लागल्या. वॉशिंग मशीनच्या मागे, माझ्या जुन्या पर्समध्ये, एकदा तर तांदळाच्या डब्यामागे, पिशवीला गाठ मारून ठेवलेली. सगळ्या शीने खराब झालेल्या. सात वर्षांची मुलगी. तीन वर्षांची असल्यापासून स्वतःहून संडासला जाणारी.

मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करते. पहिल्या शिफ्टहून घरी आले की चप्पल काढायच्या आधी वास घ्यायचा, अशी सवयच लागली होती मला.

"खेळ सोडून उठायचा कंटाळा करतेस ना?"

"नाही गं मम्मी. मला कळतच नाही."

"असं कसं कळत नाही? कुणालाही कळतं."

एकदा मी तिला मारलं. ती रडली नाही. बाथरूममध्ये गेली आणि धुण्याचा ब्रश घेऊन चड्डी घासत बसली. दारातून तिची वाकलेली पाठ दिसत होती. तरीही मला राग येत होता, हे लिहायला हवं.

शाळेत तिच्या बाकावर कोणी बसेना. गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं, पातळ होतंय म्हटल्यावर त्यांनी जुलाब थांबायचं औषध दिलं. त्या औषधाने ती चड्ड्या जास्तच खराब करायला लागली, वर जेवेनाशी झाली. मग नवरा म्हणाला, "आता सुटी टाक. मोठ्या दवाखान्यात जाऊ." तो कंपनीची बस चालवतो, त्याने त्या दिवशी बदली ड्रायव्हर दिला आणि आम्ही तिघं पिंपरीला लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मुलीला झोपवलं, पोट हळूहळू दाबून बघितलं आणि माझा हात धरून बेंबीच्या खाली डाव्या बाजूला ठेवला. "इथे. जरा दाबा."

हाताला लांबट, टणक काहीतरी लागलं. रोज आंघोळ घालते मी तिला. ते पोट माझ्या ओळखीचं होतं असं मी समजत होते.

"ही साठलेली शी आहे," मॅडम म्हणाल्या. "कित्येक आठवड्यांची. ती इतकी घट्ट झालीय की बाहेर येत नाही. वरून जी पातळ येते ती कडेने झिरपते. आणि शेवटचं आतडं ताणून ताणून सैल पडलंय, त्यामुळे भरलंय हा निरोपच हिला मिळत नाही. ही खोटं बोलत नव्हती. हिला खरंच कळत नाही."

मग त्यांनी मुलीला विचारलं, "बाळा, कधी शी करताना खूप दुखलं होतं का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिलीत. रक्त आलं होतं. मग मी धरून ठेवायला लागले."

नवरा खाली मान घालून बसला. एवढंसं पोर एक वर्ष वेदनेला एकटं तोंड देत होतं, आणि आम्ही एकाच खोलीत झोपत होतो.

मॅडमनी पाण्यात मिसळायची पावडर दिली, आधी पोट पूर्ण साफ व्हायला आणि मग रोज. पहिले तीन दिवस मी घरीच राहिले. एवढ्याशा जिवातून जे बाहेर पडलं ते बघून मी थक्क झाले. चौथ्या दिवशी तिने तीन पोळ्या खाल्ल्या आणि गच्चीवर पळत गेली.

जेवणानंतर दहा मिनिटं कमोडवर बसायचं, पायाखाली पाट, गुडघे वर. आलं नाही तरी रागवायचं नाही. चड्डी खराब झाली तरी नाही. नवरा दाराबाहेर फरशीवर बसून तिला बसमधल्या गमती सांगायचा. दोन महिन्यांनी सगळं ठीक वाटलं म्हणून मी पावडर बंद केली, आणि आठवड्यात पुन्हा चड्ड्या खराब. मॅडम म्हणाल्या, "आतड्याला परत आपल्या आकाराला यायला महिने लागतात. तुम्ही मनाने थांबवू नका."

थांबवलं नाही. पुढे एका रविवारी आम्ही दोघी चाकणहून येत होतो. कांद्याच्या ट्रकांमागे एसटी अडकली होती. अचानक ती माझ्या कानाशी आली.

"मम्मी, मला लागलीय. आत्ता."

मला आधी समजलंच नाही. मग मी तिला घेऊन खाली उतरले. समोर गॅरेज होतं. एक वयस्कर मुसलमान काका टायर खोलत होते, त्यांना सांगितलं. त्यांनी मागच्या घराकडे हाक मारली, त्यांची बायको आली आणि मुलीला हाताला धरून आत घेऊन गेली.

मी अंगणात उभी होते. बंद दाराआड माझ्या मुलीचं शरीर, कोणी न सांगता, आपलं काम करत होतं. जगभर सगळ्यांना रोज होणारी गोष्ट. मला हुंदका आवरेना.

"ताई, रडता कशाला? लेकरूच हाय," ती बाई म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, अनोळखी बाईला, उभ्या उभ्या. ती ऐकत राहिली. मग तिने आतून दोन खुर्च्या आणल्या.

"बसा," ती म्हणाली. "तिला काही घाई करू नका."