फलटणचा एफ

लग्नानंतर तीन आठवड्यांनी मी साताऱ्याहून अमेरिकेतल्या नोव्हायला आले, आणि आल्यापासून सहाव्या दिवशी माझा नवरा कामासाठी ओहायोला गेला. तो मेकॅनिकल इंजिनियर. त्याची कंपनी गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवायची, आणि तिकडच्या प्लांटमध्ये त्यांची नवी लाइन सुरू होत होती. सोमवारी पहाटे गाडी काढायची, गुरुवारी संध्याकाळी परत यायचं, असं तीन महिने चालणार होतं. २००३ चा जानेवारी होता. बाहेर गुडघाभर बर्फ. मला गाडी चालवता येत नव्हती. आणि नवऱ्याशी माझं तोवरचं एकूण बोलणं म्हणजे 'जेवण झालं का', 'हीटर वाढवू का' आणि 'गरम पाण्याचा नळ डावीकडचा'. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणत असे. आता लिहिताना मात्र हात 'तो' असंच लिहितो.

संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन यायचा. तिकडे किती बर्फ, इकडे किती बर्फ, एवढं सांगून झालं की दोघंही गप्प. मग तो म्हणायचा, "बरं, ठेवू?"

सोबतीला होता त्याचा कॉम्प्युटर. माझा भाऊ दर दोन दिवसांनी सायबर कॅफेत जायचा, माझ्या मेलची प्रिंट काढून आईला वाचून दाखवायचा, आणि आईचं उत्तर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत टाइप करून पाठवायचा. 'तिळगूळ केलास का' हे वाचायला मला पाच मिनिटं लागायची, पण तेवढीच पाच मिनिटं माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

लग्नाआधी मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहायक होते. तिथे एक नियम होता: ज्या बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही, ती ठेवायची नाही. नोव्हायच्या घरात आल्या आल्या मी तोच नियम लावला. फ्रिजमधल्या सॉसच्या पुड्या, बाथरूममधल्या अर्ध्या बाटल्या, सगळं काढून टाकलं. घर चकचकीत झालं, आणि मग करायला काही उरलं नाही. तो दुसऱ्यांदा ओहायोला गेला त्या सोमवारी दुपारी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा आला. जागा संपत आली आहे, असं त्यावर लिहिलेलं. मला आनंदच झाला. आवरायला आणखी एक कपाट मिळालं!

एका फोल्डरवर सूचना होती की आत सिस्टिमच्या फायली आहेत, हात लावू नका. आमच्या लॅबमधल्या प्रत्येक कपाटावर 'हात लावू नका' असंच लिहिलेलं असायचं, आणि आतून कोळ्याची जाळी मलाच काढावी लागायची. मी आत शिरले. शेकडो फायली. नावं कसलीच कळत नव्हती, शेवटी सगळीकडे डीएलएल. त्यातल्या पंधरा-वीस, अगदीच वाचता न येणाऱ्या, मी निवडून डिलीट केल्या. कॉम्प्युटरनं मध्येच काहीतरी सीडी मागितली. मी 'कॅन्सल' केलं. शेवटी रिसायकल बिनही रिकामं केलं, कचरा घरात कशाला ठेवायचा म्हणून.

मंगळवारी सकाळी मेल बघायला गेले तर पांढरी चौकट आली. अमुक डीएलएल सापडत नाही, म्हणून हा प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. ओके दाबलं तर दुसरी चौकट, दुसरं नाव. इंटरनेट उघडेना. मी बंद करून चालू केलं, तीनदा. मग खुर्चीत बसून राहिले.

मला मेलची काळजी नव्हती असं नाही, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. नवऱ्याचा राग मी अजून पाहिलाच नव्हता. काही माणसं ओरडतात, काही भांडी आपटतात. माझे एक काका रागावले की आठ-आठ दिवस अबोला धरायचे. याचं काय असेल? आणि ते मला नेमकं कळणार होतं, त्या घरात तिसरं कुणी नसताना.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी बर्फाबद्दल सांगून झाल्यावर म्हटलं, "अहो, कॉम्प्युटर बिघडलाय. आपोआपच झालं."

"काय येतंय स्क्रीनवर?"

मी वहीत उतरवून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. त्यानं ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे. मला यातलं काही कळत नाही, पण इथे एकजण आहेत, त्यांना विचारतो. उद्या लंचला फोन करतो. रडू नकोस."

मी रडत नव्हते. त्यानं तसं म्हटल्यावर मात्र फोन ठेवून रडले.

बुधवारी बाराला फोन आला. प्लांटमधल्या कॉम्प्युटर विभागातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांनी त्याला कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की या फायली म्हणजे कॉम्प्युटरचं वाचनालय. सगळे प्रोग्रॅम तिथूनच पुस्तकं नेतात, त्यामुळे एक पुस्तक हरवलं की चार जणांचं काम अडतं. सिस्टिमची मूळ सीडी असेल तर हरवलेलं सगळं परत जागेवर ठेवता येतं.

"स्टार्ट दाब. रन म्हण. आता मी सांगतो ते टाइप कर. नीट ऐक, आवाज खूप आहे इथे. एस, साताऱ्याचा एस."

"झालं."

"एफ. फलटणचा एफ."

"झालं."

"सी, चिपळूणचा सी. मग एक स्पेस. मग तिरकी रेघ."

"कुठल्या बाजूला तिरकी?"

"लिहिताना पेन कसं धरतेस, तशी."

बाकीचं टाइप करून मी एंटर दाबलं. असं काही सापडत नाही, कॉम्प्युटर म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काय लिहिलंयस, एकेक अक्षर वाच बरं."

"एस, पी, सी..."

"पी कुठून आला?"

"तुम्हीच म्हणालात, फलटण. फलटणला माझी मावशी राहते. पत्त्यावर मी पी एच नंच लिहिते!"

पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, झालं, आता हा चिडला. मग कळलं, तो हसत होता. अगदी श्वास लागेपर्यंत. शेजारच्या कुणीतरी काय झालं विचारलं, तर त्याला फलटण इंग्रजीत समजावून सांगायला लागला आणि मध्येच पुन्हा हसला. मग मलाही आवरेना. लग्न लागताना, फोटो काढताना, विमानतळावर, कुठेच आम्ही एकत्र हसलो नव्हतो.

एफ घातला आणि कॉम्प्युटरनं सीडी मागितली. "कपाटात वरच्या खणात बुटांचा खोका आहे, त्यात बघ," तो म्हणाला. मी कॉर्डलेस फोन खांद्यानं कानाशी धरून स्टुलावर चढले. खोक्यात सीड्यांच्या खाली एक घडी घातलेला कागद होता. त्याच्या अक्षरात यादी: पोळपाट-लाटणं. कुकर, तीन लिटर. साबुदाणा. पडदे, बेडरूम. उशी, दुसरी. एकेक वस्तूवर बरोबरची खूण. शेवटची मात्र तशीच होती: 'स्नो बूट, साइझ विचारणे.' समोर प्रश्नचिन्ह.

विचारायचं राहिलं नव्हतं, त्याला विचारता आलं नव्हतं, हे मला तिथे स्टुलावर उभं राहून कळलं.

"सापडली का?" तो विचारत होता.

"सापडली," मी म्हटलं, आणि कागद होता तसा खाली ठेवला.

सीडी घातल्यावर एक निळी पट्टी अगदी हळू सरकायला लागली. आता फोन ठेवील असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "मी डबा खातो इथेच. पट्टी कुठवर आली ते सांगत राहा." मीच रविवारी करून दिलेल्या पोळ्या होत्या. त्याचा चावण्याचा आवाज येत होता. त्यानं विचारलं, लॅबमध्ये मी दिवसभर नक्की काय करायचे. मी सांगितलं. मुलं परीक्षानळ्या कशा फोडतात आणि खिशात लपवतात, हेही सांगितलं.

"मग तू काय करायचीस?"

"मला माहीत असायचं. मी वाट बघायचे, स्वतःहून येऊन सांगतात का."

हे बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. पट्टी अर्ध्यावर होती.

"अहो," मी म्हटलं, "ते आपोआप नाही झालं. मी डिलीट केलं. मला वाटलं कचरा आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"काल वाचून दाखवलंस तेव्हापासून. मी इथल्या काकांना विचारलं, या फायली आपोआप जातात का? ते म्हणाले, एखाद-दुसरी जाते, इतक्या नाही. तुझं नवीन लग्न झालंय का, असंही विचारलं त्यांनी."

"तुम्ही रागावला नाहीत?"

तो खरोखर विचार करत होता, हे मला पलीकडच्या मशीनच्या आवाजातूनही कळलं. "थोडासा राग आला होता," तो म्हणाला. "मग गाडीत जाऊन बसलो दहा मिनिटं. जरा वेळ एकटा बसलो की जातो माझा. तेवढं फक्त बसू देत जा."

इतकं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी फोन कानाला घट्ट धरला.

पट्टी संपायला तासाभराच्या वर लागला. तोवर त्याचा लंच संपून गेला होता. मी एकटीनंच कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि मेल उघडली. भावाच्या दोन मेल होत्या, दुसरी नुसती 'अगं आहेस कुठे' एवढीच. कॉम्प्युटरचा आवाज मात्र परत आला नाही. त्याची फाइल त्या सीडीवर नव्हतीच, आणि पुढची तीन वर्षं, तो कॉम्प्युटर विकेपर्यंत, तो मुकाच राहिला. दोघांपैकी कुणीच तो दुरुस्त करायच्या मागे लागलं नाही.

गुरुवारी तो आला तेव्हा दारात आम्ही पुन्हा आधीसारखेच अवघडलो. त्यानं बूट झटकले, मी चहा टाकला. शनिवार-रविवार धुणं, वाणसामान यात गेले. सोमवारी पहाटे तो पुन्हा ओहायोला निघाला.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला फोन वाजला. मी घाबरूनच उचलला.

"काही बिघडलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. सहजच." मागे मशीन धडधडत होती, त्यात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "काय करतेस?"

"मेथी निवडतेय."

"मेथी कुठे मिळाली तुला इथे?"

मी फोन खांद्यावर घेतला, ताट मांडीवर ओढलं आणि शेजारच्या इमारतीतल्या काकूंनी मला कुठल्या दुकानात नेलं होतं ते पहिल्यापासून सांगायला लागले.