ज्वारीत टांगलेली सीडी

सारजाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकरी, म्हशीचं शेणपाणी, अंगणात सडा, आणि मग काळूसच्या फाट्यावर माणसं भरून नेणारी वडापची जीप. पहिल्या पाळीची माणसं यायच्या आत तिची फरशी पुसून वाळलेली असायची.

चाकण एमआयडीसीत इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती ठेकेदाराकडून साफसफाईला होती. तिच्याकडे मोजमापाची खोली होती. तयार झालेला भाग तिथल्या मोठ्या यंत्रावर ठेवायचा, यंत्राची दांडी त्याला हलकेच टेकायची आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर माप उमटायचं. धूळ उडाली की माप चुकतं, म्हणून त्या खोलीत झाडू चालत नाही. फडकं घट्ट पिळून भिंतीकडून दाराकडे, एकाच दिशेने ओढत यायचं. पाणी जास्त राहिलं तर डाग पडतो, कमी राहिलं तर धूळ जागच्या जागी फिरते. हे नीट करायला मनगट लागतं. आधीच्या दोन बायकांना जमलं नव्हतं, तिला जमलं.

दुसरी गोष्ट तिच्या नावावर होती ती सचोटी. सुटताना गेटवरची बाई सगळ्यांच्या पिशव्या उपसून बघायची. सारजाबाईची पिशवी मात्र ती उघडत नसे. ‘जा मावशी’ एवढंच म्हणायची. हात पुसायच्या चिंध्यांतली एक चिंधीही सारजाबाईने कधी बाहेर नेली नव्हती, आणि याचा तिला थोडा ताठा होता.

डिसेंबरात ज्वारीचा दाणा भरायला लागला आणि भोरड्या पाखरांचे थवे उतरू लागले. तिच्या नवऱ्याला, गेनबाला, गोफण फिरवायची म्हटलं तर खांदा साथ देईना. शेजारच्या वावरात जुन्या सीडी टांगलेल्या त्याने पाहिल्या. ऊन पडलं की त्या चमकतात आणि पाखरं बिचकतात. त्याने सात बांबू रोवले आणि सात सीडी आणायला सांगितल्या. कंपनीत ढीग पडला असेल, असं त्याचं म्हणणं.

मोजमापाच्या खोलीत टेबलाखाली भंगाराचं एक खोकं होतं. खोली सांभाळणाऱ्या जयदीपला तिने विचारलं, यातल्या जुन्या सीडी ज्वारीत टांगायला नेऊ का. त्याची नजर पडद्यावर होती.

“न्या मावशी, भंगारच आहे ते.”

तो जेवायला गेल्यावर तिने खोकं उपसलं. सहा निघाल्या, सातवी नव्हती. तिने टेबलाचा खालचा खण ओढला. कागदी पाकिटात एक सीडी होती, निळ्या अक्षरांची, वर यंत्राचं चित्र. बाकी सहांपेक्षा तीच जास्त चकाकत होती. खण म्हणजे भंगार नव्हे, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सीडी काढली आणि रिकामं पाकीट परत खणात ठेवलं, पहिल्यासारखं. सातही सीडी रिकाम्या डब्याखाली घालून ती गेटवर आली. ‘जा मावशी,’ बाई म्हणाली.

संक्रांत झाली आणि मोजमापाच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. नवी डिस्क बसवली, विंडोज टाकलं, पण कॉम्प्युटर यंत्राला ओळखेना. यंत्राची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो जुन्या डिस्कबरोबर गेला होता. पडद्यावर यंत्राच्या नावापुढे पिवळा त्रिकोण येऊन बसला.

इंटरनेट असतं तर निम्मं काम सोपं होतं. पण त्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं असायची, म्हणून खोलीत इंटरनेटची तार येऊ द्यायची नाही असा नियमच होता. जयदीप कॉम्प्युटरमधल्या एकेका कार्डाचा पडद्यावर दिसणारा नंबर चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा, पलीकडच्या ऑफिसात जाऊन त्या नंबराचा ड्रायव्हर शोधायचा, पेनड्राइव्ह तपासून घ्यायचा आणि हर्षाली मॅडमची परवानगी घेऊन खोलीत आणायचा. एक चुकलं की परत पहिल्यापासून. प्रिंटरचं तसं जमलं, पडद्याचं जमलं. यंत्राला जोडणाऱ्या कार्डाचं मात्र कुठेच मिळेना. यंत्र बनवणारी परदेशातली कंपनी केव्हाच बंद पडली होती. कुठून तरी एक ड्रायव्हर मिळाला, तो बसला नाही. पिवळा त्रिकोण हलला नाही.

“काळजी नाही. मूळ सीडी खणात आहे,” तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. कॉम्प्युटरला सीडी घालायची सोय नव्हती म्हणून त्याने ते मागे ठेवलं होतं. शेवटी त्याने खण उघडला. पाकीट होतं, रिकामं.

त्या वेळी सारजाबाई दाराशी फडकं पिळत होती.

भाग मोजायला टेम्पोने भोसरीला जाऊ लागले. माल अडला. हर्षाली मॅडम त्या विभागाच्या प्रमुख. त्या रागावल्या तरी आवाज चढवत नसत. जयदीप सहा वर्षं कंत्राटावर होता आणि यंदा त्याचं नाव परमनंटच्या यादीत होतं.

“एक सीडी सांभाळता येत नाही तुला,” मॅडम म्हणाल्या, “आणि मी तुझ्यासाठी शब्द टाकायचा?”

खोलीत ये-जा करणाऱ्या सगळ्यांना विचारून झालं. सारजाबाईला कोणी विचारलं नाही. तिच्यावर विश्वास होता म्हणून, की ती माणसांच्या मोजणीतच नव्हती म्हणून, हे तिला कळलं नाही. दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी तिला मान वर करता येईना. त्या दिवशी फरशीवर डाग राहिले. ते तिला दिसले, आणि ती तशीच निघून आली.

गुरुवारी सुट्टी होती. ती वावरात जाऊन एकेक बांबू बघू लागली. गेनबा राखणीच्या माळ्यावर बसला होता.

“काय हुडकतीस?”

“निळ्या अक्षराची.”

“ती नको काढू. त्या कोपऱ्यात पाखरं लई बसत्यात.”

तिने सगळं सांगितलं. तो माळ्यावरून खाली उतरला.

“सात मीच सांगितल्या व्हत्या,” तो म्हणाला.

“सहा मिळाल्या व्हत्या. सहावर थांबायचं व्हतं म्या.”

“मग आता गुपचूप ठिवून दे. सापडली म्हन. कोन बघाय बसलंय?”

सीडी वाऱ्याने बांबूवर आपटून ओरखडली होती, तिच्यावर पाखरांनी घाण केली होती. तिने सुतळी सोडवून ती पुसली. शुक्रवारी दोन भाकऱ्यांच्या मध्ये घालून, फडक्यात बांधून, तिने ती आत नेली. भाकरीएवढी नव्हती, पण गोल होती, गेटवर कुणी बघितलं असतं तरी वेगळं वाटलं नसतं. त्या दिवशी तिने भाकरी खाल्ली नाही.

खोलीत कोणी नसताना तिने खण पूर्ण बाहेर ओढला, मागच्या फटीत सीडी टाकली, आणि मग तीच काढून मॅडमकडे नेली. खणाच्या पाठीमागे पडली होती म्हणून सांगितलं.

आपलं काम झालं, आता आपण सुटलो, असं तिला वाटलं. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅडमनी तिला पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या. कंपनीचं नाव असलेली स्टीलची बाटली तिच्या हातात दिली. मग मॅडम सगळ्यांसमोर जयदीपला म्हणाल्या, “साफसफाईच्या मावशींना जे दिसलं, ते तुला तुझ्याच खणात दिसलं नाही.”

कुणीतरी हसलं. तिने बाटलीवरचं नाव आतल्या बाजूला फिरवून धरलं.

जयदीप सीडी घेऊन बसला. स्टोअरमधून बाहेरून जोडायचा जुना सीडी ड्राइव्ह आणावा लागला. ड्राइव्ह गुरगुरायचा आणि सीडी बाहेर टाकायचा. त्याने टूथपेस्ट मागवली, बोटाच्या टोकावर घेतली आणि सीडी मधून कडेला, मधून कडेला चोळत राहिला. गोल फिरवून चोळायची नाही, त्याने ओरखडे वाढतात. धुऊन, पुसून परत घातली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा चोळली. सारजाबाई फरशी पुसता पुसता बघत होती. काम कसं करावं हे तिला कळत होतं, आणि हे काम नीट चाललं होतं. ते कुणामुळे करावं लागतंय हेही तिलाच कळत होतं.

दुपारून सीडी वाचली गेली. त्याने आधी सगळं तीन ठिकाणी उतरवून ठेवलं. मग कॉम्प्युटरला हाताने जागा दाखवली, ड्रायव्हर इथून घे म्हणून. पिवळा त्रिकोण गेला. यंत्राची दांडी सरकून आपल्या जागी येऊन थांबली.

जयदीपने सीडी उचलली आणि मधल्या भोकाची कड निरखली. तिथे सुतळीचा एक धागा चिकटून राहिला होता. त्याने तो नखाने काढला.

“मावशी,” तो हळू म्हणाला, “ज्वारी कशी आहे यंदा?”

“बरी हाय.”

“भोरड्या?”

तिने बादली उचलली आणि बाहेर गेली. बाहेर जाऊन तिने पाणी ओतलं नाही, नुसती उभी राहिली.

तो कुणाला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तिला रोज ‘मावशी’ म्हणायचा, पूर्वीसारखंच. हेच तिला सोसेना. त्याने चारचौघांत तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं. मग कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं की परमनंटची यादी महिनाअखेर जाणार आहे, आणि जयदीपचं नाव त्यात राहील असं दिसत नाही.

ती मॅडमच्या केबिनला गेली. जयदीप तिथेच होता, काही कागद दाखवत. तिने स्टीलची बाटली टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. ज्वारी, बांबू, खण, पाकीट, भाकऱ्या, सगळं.

मॅडमच्या आधी जयदीपच बोलला. “मॅडम, त्यांनी मला विचारलं होतं. मीच न्या म्हणालो.”

“तुमी खोक्यातलं न्या म्हनला व्हता,” सारजाबाई म्हणाली. “खणातलं न्हाई.”

मॅडमनी दोघांकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. कंपनीची वस्तू बाहेर नेली तर काय करायचं हे नियमात लिहिलेलं आहे, त्यात आपल्याला काही करता येणार नाही, एवढं म्हणाल्या. ठेकेदाराने महिनाअखेर काम बंद करायला सांगितलं. तिने पगाराच्या हिशेबाबद्दल वाद घातला नाही.

शेवटच्या दिवशी तिने खोली भिंतीकडून दाराकडे पुसली. एकही डाग राहिला नाही. गेटवर ती ‘जा मावशी’ची वाट न बघता थांबली आणि पिशवी पुढे केली. बाईने खाली बघत तिची पिशवी घेतली, उघडली, डबा बाहेर काढला, झाकण उचललं, फडकं झटकलं आणि परत दिलं. मागे रांगेत तिच्या ओळखीच्या बायका होत्या. त्यांनी दुसरीकडे बघितलं.

जयदीपचं नाव यादीत राहिलं, हे तिला पुढे चाकणच्या बाजारात त्या गेटवरच्या बाईकडूनच कळलं. गेनबाला वाटलं, त्याला एकदा वावरात हुरड्याला बोलवावं, माणूस चांगला आहे. सारजाबाईने नको म्हटलं. तो आला तर त्याच्यासमोर बसायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं.

भंगाराच्या सहा सीडी तिने बांबूंवरून सोडवल्या आणि भंगारवाल्याला दिल्या. शेवटचा पगार हातात आला तेव्हा त्यातून म्हशीच्या गोठ्यावर पत्रा टाकायचा, असं गेनबाच्या मनात होतं. तिने चाकणला जाऊन पुढच्या हंगामाच्या ज्वारीवर पसरायला पाखरांची जाळी आणली.