धुरातून वरची वाट

आत्माराम भित्रा आहे, असं कंपनीत सगळे म्हणत. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मी त्याच्याबरोबर एकाच खात्यात काम केलं. तो भित्रा होता हे खरं आहे. पण अंगचोर नव्हता, आणि मी माणूस त्यावरच मोजतो.

आमचं काम क्लोरीनचे टनर जोडायचं. टनर म्हणजे आडवं, माणसाच्या छातीएवढं लोखंडी पिंप. क्रेननं उचलून बैठकीवर ठेवायचं, शिशाचा नवा वायसर घालायचा, तांब्याची वाकडी नळी जोडायची आणि पाना फिरवायचा. जास्त आवळला तर वायसर चेपतो, कमी आवळला तर गळतं. आत्मारामचा हात बरोबर जागी थांबायचा. मग काठीला अमोनियात भिजवलेला बोळा बांधून तो सांध्याभोवती फिरवायचा. गळती असली तर तिथं पांढरा धूर दिसतो. आम्ही एकदा फिरवून पुढं जायचो. हा फिरवतच राहायचा.

"आरती झाली काय रे भटजी?" बाबल्या क्रेनवरून ओरडायचा.

"तुला परसाद नको असला तर गप राव," आत्माराम म्हणायचा.

भीती त्याला ट्रेनिंगमधून लागली होती. शिकवायला आलेल्या साहेबांनी भोपाळची गोष्ट सांगितली. तिथला वायू हवेपेक्षा जड होता. जमिनीलगत पसरत झोपड्यांत शिरला आणि माणसं झोपेत गुदमरली. आपला क्लोरीनही जडच, साहेब म्हणाले. तो पाण्यासारखा उताराकडे जातो. बाकीचे चहाची वाट बघत होते. आत्मारामच्या तोंडाचं पाणी पळालं, कारण त्याचं घर उताराला होतं.

कंपनी डोंगराच्या एका अंगाला. खाली पऱ्या, म्हणजे आमचा ओढा. पऱ्याच्या पलीकडे आत्मारामची वाडी आणि वाडीची भातजमीन. तिथून वर चढलं की सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार.

त्यानं घरी बायकोला बजावलं, "वास आला तर पऱ्यात उतरायचा नाय. सड्यावर जायचा."

दमयंती भाकऱ्या थापत होती. "आणि वनवा लागला तर?"

"वनव्याला पऱ्यातच."

"मंजे मी आदी नाक वर करून हुंगत बसू, मग पळू? बरा हाय. नाकाला पगार मिळतो काय तुमच्या कंपनीत?"

मी ओट्यावर होतो. मी हसलो. आत्माराम हसला नाही.

दमयंतीचं तसं चुकत नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात भाजावळ करतात. पेरणीच्या जागी कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, वाळका पातेरा, शेण पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. ते धुमसतं. वाऱ्यानं धूर अंगावर आला की बायका खाली पऱ्यात उतरतात, पदर भिजवून तोंडाला लावतात आणि बसून राहतात. धूर वरून निघून जातो. कोणी शिकवलेलं नाही. पाय आपोआप खाली वळतात.

त्या दिवशी दमयंती आणि शेजारची चिमाकाकी भाजावळ लावत होत्या. आम्ही नाश्त्याला कॅन्टीनमध्ये होतो. भोंगा झाला. दाराशी वास आला, विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीचा, पण घशात सुरी फिरल्यासारखा. तांब्याची एक नळी वाकणात चिरली होती. आम्ही गेटबाहेर जमण्याच्या जागी पळालो, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. सुपरवायझर दर्शन माणसं मोजू लागला.

आत्माराम मोजून घ्यायला थांबला नाही. तो खालच्या अंगाला बघत होता. कुंपणाखालून पिवळसर पट्टा गवताला धरून उतरत होता. घाई नव्हती त्याला. झुडपं आधी खालून दिसेनाशी होत होती, मग वरून.

"ती भाजावळीला हाय," एवढंच तो म्हणाला आणि साकवाच्या बाजूला धावत सुटला. मी मागे.

साकव, म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल, वरच्या अंगाला आहे. तो ओलांडून आम्ही सड्याच्या कडेवर आलो. खाली भाजावळीचा धूर दाट उभा होता आणि धुराखाली, पऱ्यात, दोघी बसल्या होत्या. तोंडाला भिजवलेले पदर. जसं बसायचं तसं, शांत. पट्टा पलीकडच्या काठापर्यंत आला होता.

आत्मारामनं हाक मारली. दमयंतीनं वर बघून हात हलवला, इकडे या असा. तिला वाटलं, आम्ही धुरात सापडलो आहोत.

तो धुरात शिरला. मी गमछा नाकाला बांधून त्याच्या मागे उतरलो. पायाखाली गरम माती.

"वर चल! वर!"

"वर धूर हाय! डोका फिरला काय? बसा खाली!"

"धूर नाय हा! उठ, तुझ्या आयला!"

आत्मारामच्या तोंडून मी शिवी त्याआधी ऐकली नव्हती. तिनंही नसावी. ती उठली. तेवढ्यात पहिला लोट पऱ्यात आला. चिमाकाकी खोकायला लागली आणि आणखी खाली वाकली, पाण्याकडे. दमयंती तिला सोडेना. मी काकीला काखेत धरलं, आत्मारामनं पाय धरले.

चढणीवर श्वास रोखून ओझं नेता येत नाही. ज्यानं नेलं असेल त्याला कळेल. दहा पावलांत छाती स्वतःच उघडते. मी पुढं होतो, वरच्या बाजूला. आत्माराम मागे, खाली. आणि तो ओरडत होता. ओरडणाऱ्याला आधी श्वास आत घ्यावा लागतो. दमयंती धुराच्या तोंडाशी थबकत होती, डोळे मिटून मागे वळत आत्मारामपाशी खाली येत होती. प्रत्येक वेळी तो ओरडायचा, "धुरात जा! धुरात शीर गो!" शेवटी आवाज गेला, तेव्हा त्यानं डोक्यानं तिच्या पाठीत ढुसणी दिली, रेड्यासारखी. ती धुरात गेली. आम्ही मागोमाग.

सड्यावर आल्यावर लाकडाच्या धुराचा वास मला गोड वाटला.

चिमाकाकी आठवड्यानं घरी आली. आत्माराम दोन महिन्यांनी. फुप्फुसं परत पहिल्यासारखी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. घरातून पडवीत आला तरी तो खांब धरून उभा राहायचा. पण घरात त्याला झोप लागेना. खाली आहोत, खाली आहोत, हेच.

दमयंतीनं सड्यावर कातळाला लागून पत्र्याची खोली बांधून घेतली. वाडीतल्या चौघांनी आत्मारामला डोलीत घालून वर नेलं. वर पाणी नाही. ती पऱ्यातून हंडे भरून चढते. त्या चढणीला किती दम लागतो, ते मला ठाऊक आहे. मी कधी तरी एक हंडा नेतो. वाडी तिला हसते. भाजावळ अजून तिथंच होते, आणि वारा फिरला की बायका अजून पऱ्यात उतरतात. ती वरून त्यांना हाका मारते. त्या हात हलवतात.

आत्माराम खाली येत नाही. आला तर पुन्हा चढता येणार नाही. औषधाच्या गोळ्या मी नेऊन देतो. त्याच्या नाकाला आता कसलाच वास लागत नाही, करपलेल्या भाताचासुद्धा नाही. वारा पडला की तो बसल्या जागी ताठ होतो.

"येतो काय गो?" तो विचारतो.

दमयंती हातातलं काम ठेवते, दाराबाहेर जाते, कंपनीकडे तोंड करून श्वास घेते. घाई करत नाही.

"नाय येत," ती म्हणते.

"नीट बघ."

ती पुन्हा बाहेर जाते.