काकूसाठी वाजणारा डबा

माझे थोरले काका इंजिनाचे ड्रायव्हर. गावाबाहेरच्या सिग्नलपाशी गाडी आली की दोन आखूड, एक लांब अशी शिट्टी द्यायचे. ती ऐकली की काकू चुलीवर अंघोळीचं पाणी चढवी. शेजारणी चिडवत, हिचा संसार वाफेवर चाललाय. काकू म्हणे, तुमचा तर नुसत्या धुरावर! तोंडाने काकू कुणाला हार जायची नाही.

मग लढाई लागली आणि आमच्या एवढ्याशा स्टेशनाची छावणी झाली. रेल्वेच्या खोल्या आणि रूळ यांच्यामधल्या माळावर बघता बघता तंबू उगवले, भोवती काटेरी तार आली. शाळेत धान्याची पोती, मालधक्क्यावर तोफा. न्हाव्याला मान वर करायला सवड मिळेना. गाव खुशीत होतं. काकूचं मात्र भलतंच झालं. विमानं आली तर इशारा शिट्टीनेच द्यायचा, म्हणून ड्रायव्हरांनी एरवी शिट्टी वाजवायची नाही, असा हुकूम निघाला. काकांना फौजेच्या गाड्यांवर घेतलं. त्या गाड्या आमच्याकडे बहुधा थांबत नसत, आणि पुढच्या पुलांवर बॉम्ब पडत होते. तंबूंच्या आड रूळही दिसेनात. गाडी धडधडत निघून जाई आणि काकू दारात उभी. हे होते, की दुसरं कुणी?

शेवटी ती तारेपाशी गेली आणि रुळाकडच्या पहारेकऱ्याला हाक मारून तिने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. तो तारेजवळ आला आणि हसला. म्हणाला, "मावशी, इंजिनावरची सगळी तोंडं काळीच. ओळखू कसं?"

"मिशीवरून," काकू म्हणाली. "आधी मिशी येते, मग इंजिन."

दोन दिवसांनी तारेपलीकडून पत्र्याचा डबा खणखणला. काकूने ओळखलं, हे गेले, सुखरूप आहेत. गंमत अशी, की छावणीत जेवणाची वर्दीही डबा वाजवूनच देत. सगळी पलटण ताटल्या घेऊन पळत आली, आणि आचाऱ्याचं पीठ अजून परातीतच. त्याने त्या पहारेकऱ्याच्या सात पिढ्या काढल्या म्हणे. तेव्हापासून जेवणाला घंटा आली आणि डबा काकूच्या वाट्याला राहिला.

काही आठवड्यांनी ती पलटण आघाडीवर गेली. काकूला वाटलं, संपलं. पण डबा वाजलाच. नवा पहारेकरी तारेजवळ यायचा नाही, तिने लांबूनच ओरडून विचारलं तेव्हा म्हणाला, "जाणाऱ्याने बजावलंय मावशी, पहाऱ्याबरोबर मिशीही सांभाळायची." तोही गेला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. लढाई संपेपर्यंत डबा कधी चुकला नाही. एकदा भलत्याच मिशीवर वाजला तेवढाच.

काका सुखरूप परतले. हुकूम उठला, शिट्टी पुन्हा सुरू झाली, माळावर गवत आलं. काकूने पाणी चढवावं, काकांनी अंघोळ करावी, सगळं पहिल्यासारखं. पण जेवता जेवता काकूचा घास हातातच राही. ती पोरं पोचली असतील का हो घरी, असं विचारी. कोण कुठला, नावगाव कुणालाच ठाऊक नाही.

परतणाऱ्या फौजेच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा एक गाडी काकांकडे आली. निघण्याआधी त्यांनी घरी निरोप धाडला की रुळाशी येऊन थांब. माळाजवळ येताच त्यांनी गाडी माणसाच्या चालीवर आणली. वरिष्ठांची बोलणी खावी लागली, ती त्यांनी खाल्ली. काकू गवतात उभी. खिडकी खिडकीत दाढी वाढलेले, उन्हाने रापलेले चेहरे. ती एकेकाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, पहिला सोडला तर एकाचाही चेहरा तिने जवळून पाहिलेला नाही. आणि तो पहिला कुठल्याच खिडकीत नव्हता.

तिने शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्यांनाच हात केला. काहींनी उलट हात केला, काही झोपेत होते.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "दिसला का गं कुणी?"

"सगळे किती वाळलेत हो," काकू म्हणाली, आणि चुलीकडे वळली.