नळाच्या पाण्याची पेज

नोव्हेंबर १९७८. रविवारची दुपार होती आणि मी रेशनचे गहू निवडत होते. समोर चटईवर माझी तीन वर्षांची मुलगी पडून होती. तिला उठून बसवत नव्हते. हातपाय वाळलेले, पोट मात्र फुगलेले. दिवसभर पातळ, घाण वासाचे शौचास व्हायचे. धुतलेले कपडे वाळायच्या आत नवे धुवायला निघायचे. मागच्या वर्षी शिवलेला झगा तिला यंदा सैल होत होता.

वर्षभरापूर्वी आम्ही आंधळगावकडच्या खेड्यातून जवाहरनगरला ह्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. गावी दोन्ही वेळा भातच. इथे जो तो डब्यात पोळ्या नेणारा. भात खाणारा माणूस दुपारी मशीनवर पेंगतो, असे कारखान्यात कोणीतरी ह्यांना हसत म्हणाले. झाले, घरात पोळ्या सुरू झाल्या.

मुलीचे पोट बिघडले तेव्हा ज्याला विचारावे तो काहीतरी बंद करायला सांगे. दूध बंद केले. केळी बंद केली. तिखट, तेल, वाटाणे, सगळे गेले. भात तर आधीच बंद केला होता, कारण तो थंड, पोट ढिले करतो म्हणे. औषधाने चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. अंगात ताकद यावी म्हणून मी गव्हाची खीर करी, वरणात पोळी कुस्करून देई, चहात बिस्कीट बुडवून देई. ती खाई आणि आणखी वाळे.

जुलैत धानाच्या रोवणीसाठी गावी गेलो, तेव्हा मात्र थोड्याच दिवसांत तिला घट्ट शौचास झाले. मला इतका आनंद झाला की सासूबाईंना हाक मारून मी ते दाखवले. ती अंगणात चालायलाही लागली. गावच्या विहिरीचे पाणी मानवले, असे ह्यांनी ठरवले. तेव्हापासून दर रविवारी एसटीने गावी जाऊन हे डबा भरून पाणी आणत. कंडक्टर विचारे, "काय भाऊ, गंगाजल का?" हे हसत नसत. त्या पाण्याशिवाय दुसरे पाणी मुलीच्या तोंडात जात नव्हते, आणि इथे परतल्यावर महिन्याभरात तिचे पोट पुन्हा सुटले होते.

त्या रविवारी पाण्याबरोबर सासूबाईही आल्या. थैलीत नवे तांदूळ होते. त्यांनी नातीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

"माय वं! तुरीच्या काड्या झाल्या न वो हाताच्या. काय चारता तिले?"

"गव्हाची खीर, मामीजी. पोळी, बिस्कीट."

"कॉलनीत येऊन साहेब झाले तुमी. आपल्या घरी पोळी सणावाराले, नाई तं जावई आला तं. रोवणीत पोरगी कशी पेज मागून मागून खात होती."

"आई, ते पाण्यानं झालं," हे म्हणाले. "गव्हात ताकद असते."

"ताकद असते तं गेली कोठी?"

"मंग काय भात चारू? मारून टाकाचं हाय का तिले?" बोलता बोलता ह्यांचा आवाज फाटला. ते उठून बाहेर गेले.

मी सूप हातात घेऊन बसून राहिले. पाण्यानेच बरी व्हायची असती तर एव्हाना अंगणभर धावली असती. मग गावी असे काय नव्हते जे इथे होते? सुपात पाहिले. गव्हाने कोणाचे पोट बिघडल्याचे मी ऐकले नव्हते. गहू तर आजाऱ्याला देतात. पण बंद करायला घरात दुसरे काही उरलेच नव्हते. आणि माझे चुकले असते, भाताने पोट आणखी सुटले असते, तर ते सोसायला तिच्या अंगात काही राहिले नव्हते. निवडायचे राहिलेले गहू मी तसेच डब्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या डब्यात नेहमीच्या पोळ्या भरल्या. कारखान्याची बस गेल्यावर पीठ आणि बिस्किटे वरच्या फळीवर ठेवली, हात आणि परात घासून घेतली आणि नव्या तांदळाची पेज टाकायला घेतली. सासूबाई गावच्या पाण्याचा डबा घेऊन पुढे आल्या.

"राहू द्या मामीजी, नळाचंच घेते."

"काहून वो? पोरानं मरमर करून आणलं न ते."

"दोनी संगच देलं तं कायनं बरी झाली, हे मले कसं समजन?"

त्यांनी डबा परत कोपऱ्यात ठेवला. मी नळाचे पाणी भरपूर उकळू दिले, तांदूळ शिजून विरघळेपर्यंत घोटले, चिमूटभर मीठ टाकले. पेज निवल्यावर मुलीला मांडीवर घेतले आणि चमचा तिच्या ओठाला लावला.